महानुभाव पंथ : समज आणि गैरसमज
(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यातील निरूपणाचा शब्दबद्ध भाग)



दिंडीला शंभर वर्षे झाली. पंढरीची वाट चालताना किती गावे लागतात, किती घरांतली भाकर आपण खातो! त्यातच कुठेतरी महानुभावांचा आश्रम असतो, काळ्या वस्त्रातले बाबा दारात उभे असतात. मग चालता चालता कुजबुज सुरू होते : "हे मानभाव बरं का. यांचं सगळं गुप्त असतंय. हे देव मानत नाहीत." या कुजबुजीतले खरे किती आणि खोटे किती, ते आज आम्ही सांगणार आहोत.

आधी नावाचेच बघा. 'महानुभाव' हा शब्द झिजून 'मानभाव' झाला, आणि मराठीत 'मानभावी' म्हणजे ढोंगी असा अर्थ रूढ झाला. आपल्या भारुडांतही मानभावाचे सोंग येते. सोंगाला हसावे, पण सोंगावरून शेजाऱ्याची पारख करू नये. ढोंग्यावर संतांनी कोरडे ओढले, ते कुठल्याही वेषातल्या ढोंग्यावर. त्यातून माळकरीसुद्धा सुटला नाही.

आता काळी वस्त्रे. काळे म्हणजे जादूटोणा, असे काही लोक म्हणतात. अहो, विटेवर उभा आहे तो कुठल्या रंगाचा? सावळ्याचे ध्यान करणाऱ्याने काळ्या रंगाला भ्यावे, हे काही पटत नाही.

तिसरी गोष्ट गुप्त लिपीची. हे मात्र खरे आहे. पंथाने आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. बाहेरच्याला वाचता येईना, म्हणून संशय वाढला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य राजवाड्यांनी सकळ लिपी उलगडली. आत काय निघाले? साधी, सोज्वळ मराठी! म्हाइंभटांचे 'लीळाचरित्र' तेराव्या शतकातले. त्यात श्रीचक्रधरस्वामींचे बोलणे-चालणे आहे, गावोगावची माणसे आहेत. केशोबास संस्कृतात लिहू म्हणाले, तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना थांबवले. संस्कृतात लिहिले तर माझ्या म्हाताऱ्यांना काय कळणार, हीच त्यांची काळजी. ज्ञानोबा माउलींनी गीता मराठीत आणली ती तरी कोणासाठी? तुमच्या-आमच्या आज्ज्यांसाठीच ना!

चौथे, "हे देव मानत नाहीत." माउली, ते परमेश्वराला मानतात, आणि एकालाच मानतात. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ त्यांनी वेगवेगळे सांगितले. देवता फळ देईल, पण मोक्ष फक्त परमेश्वर देईल, असा त्यांचा सिद्धांत. श्रीकृष्ण, दत्तात्रेय, चक्रपाणी, गोविंदप्रभू आणि चक्रधर हे त्यांचे पंचकृष्ण. म्हणून उपदेश घेतलेला महानुभाव गावदेवापुढे नवस बोलत नाही, देवतेचा प्रसाद घेत नाही. गावाला वाटते, याने आपल्या देवाचा अपमान केला. त्याने अपमान केलेला नसतो, आपला नेम पाळलेला असतो. एकादशीला आपल्यापुढे कोणी भाताचे ताट ठेवले तर आपणही हात जोडतोच की.

पाचवे, "हे रिकाम्या ओट्याला नमस्कार करतात." ओटा रिकामा नसतो. जिथे स्वामी बसले, राहिले, निजले ती जागा ओटा बांधून जपली आहे. चरणांचा स्पर्श झालेला पाषाणही ते डोईवर धरतात. आपण नामदेव पायरीपाशी थांबतो, चंद्रभागेचे वाळवंट कपाळी लावतो, पादुकांपुढे लोटांगण घालतो. भाव तोच.

आता मतभेद लपवायचा नाही. त्यांच्या पंचकृष्णांत आपला विठ्ठल नाही. त्यांना ते सांगायला संकोच नको आणि आपल्याला ऐकायला राग नको. पण जोडणारेही पुष्कळ आहे. नरेंद्र कवीने 'रुक्मिणीस्वयंवर' लिहिले, नाथमहाराजांनीही लिहिले. भागवताच्या एकादश स्कंधावर भास्करभट्ट बोरीकरांची 'उद्धवगीता' आहे, तशी नाथांची टीका आहे. गीता दोघांची, श्रीकृष्ण दोघांचा, मद्य-मांस दोघांना वर्ज्य. महदंबेचे 'धवळे' ऐका. बाईने मराठीत देवाचे लग्न गायले, तेही जनाबाईच्या आधी. पंजाबात याच पंथाला जयकृष्णी म्हणतात, आणि तिथल्या मठांनीही मराठी पोथ्या जपल्या. अमराठी मुलखात मराठीचा दिवा लावणाऱ्यांना आपण परके म्हणायचे काय?

तेव्हा आमचे मागणे थोडे आहे. गावात सप्ताह बसला की आश्रमातल्या बाबांना आवतण द्या. ते आले तर आनंद. प्रसादाचा आग्रह धरू नका. शिधा लागतो का, ते विचारा. महानुभावांच्या घरची लेक वारकऱ्याच्या घरी सून आली, तर पहिल्याच दिवशी तिला गावदेवापुढे वाकवू नका. तिचा नेम तिला पाळू द्या. आणि दिंडीतल्या पोरांनी काळी वस्त्रे बघून हसायचे नाही. ते 'दंडवत प्रणाम' म्हणतील, तुम्ही 'राम कृष्ण हरी' म्हणा. दोघांनीही हात जोडलेले असले, म्हणजे झाले.

बोला, पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!