बर्फाचे रस्ते आणि आपला पावसाळा



आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर वाचून काही मंडळींना हसू आले असेल. वरठीचा उन्हाळा, पारा चाळिशीपुढे गेलेला, आणि हा कामगार चळवळीतला माणूस म्हणतो की, बर्फ पडणाऱ्या गावी रस्ते कसे मोकळे ठेवतात ते सांगतो! परंतु ज्या गावी वर्षातले तीन-चार महिने बर्फ पडतो, त्या गावाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. ती ही की, ऋतू कोणासाठी थांबत नाही. आपल्याकडे बर्फ नाही, पण पावसाळा आहे. आणि त्याच्या बाबतीत आपल्या नगरपालिका व ग्रामपंचायती बहुधा वरातीमागून घोडे नेतात. म्हणून हा विषय घेतला. माझे शिक्षण शाळेत फार झाले नाही. जे वाचले ते पाळी संपल्यावर वाचनालयात बसून वाचले. तेव्हा शास्त्रही साध्या शब्दांतच सांगेन.

नुकता पडलेला भुसभुशीत बर्फ यंत्राच्या फाळाने बाजूला लोटता येतो. तोच चाकांखाली दडपला आणि रात्री गोठला, म्हणजे डांबराला असा चिकटतो की पहारीनेही निघत नाही. त्यावर उपाय मिठाचा. मिठाचे पाणी साध्या पाण्यापेक्षा उशिरा गोठते. मीठ योग्य प्रमाणात असेल तर शून्याखाली २१ अंशांपर्यंत ते पातळ राहते. प्रत्यक्ष रस्त्यावर मात्र शून्याखाली ९-१० अंशांनंतर मिठाचा जोर ओसरतो, आणि मग चाकांना पकड मिळावी म्हणून वाळू टाकतात.

आता खरी मेख पाहा. बर्फ गोठल्यावर मीठ टाकले तर ते पुष्कळ लागते आणि वेळही जातो. बर्फ पडण्याच्या काही तास आधी मिठाचे पाणी फवारले, तर बर्फ डांबराला धरतच नाही आणि थोड्या मिठात काम भागते. शिवाय जादा मिठाने पुलांचे लोखंड गंजते, ओढ्या-विहिरींचे पाणी खारट होते. पोलादाच्या कारखान्यात राबणाऱ्या आपल्या गावाला गंज म्हणजे काय हे मी सांगायला नको. एकूण सार असे की, काम तेच, माणसे तीच. पण ते आधी केले तर स्वस्त, आणि नंतर केले तर महाग.

हे सारे परदेशातच घडते असे नाही. काश्मीर आणि लडाख यांना जोडणारी झोजिला खिंड साडेअकरा हजार फुटांवर आहे. पूर्वी ती हिवाळ्यात पाच-सहा महिने बंद असे. १९६० साली स्थापन झालेली सीमा सडक संघटना तेथला बर्फ काढते. २०२३ साली ही खिंड ६८ दिवस बंद राहिली, २०२४ साली ३५ दिवस आणि २०२५ साली ३२ दिवस. निसर्ग मऊ झाला म्हणून एवढा फरक पडला, असे म्हणता येणार नाही. यंत्रे आली, आणि हिवाळा सरण्याची वाट न पाहता काम होऊ लागले.

पण यंत्राच्या मागे माणूस असतो, आणि त्याचे नाव उद्घाटनाच्या पाटीवर नसते. हिमालयातले हे रस्ते झारखंडच्या दुमका भागातून गेलेल्या मजुरांनीही राखले आहेत. २८ फेब्रुवारी २०२५ रोजी उत्तराखंडात बद्रीनाथजवळच्या माणा गावापाशी अशाच रस्ता-मजुरांच्या छावणीवर बर्फाचा कडा कोसळला. ५४ जण सापडले, त्यांतले ८ दगावले. रस्ता कोणासाठी मोकळा होतो याची चर्चा आपण करतो. तो कोणाच्या जिवावर मोकळा होतो, हेही विचारले पाहिजे.

दुसरा प्रश्न असा की, आधी कोणाचा रस्ता? १९६९ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्क शहरावर मोठे हिमवादळ आले. त्या वेळी पालिकेची जवळजवळ ४० टक्के यंत्रे नादुरुस्त पडून होती. क्वीन्स या भागातले रस्ते कित्येक दिवस तसेच राहिले. शहरात ४२ माणसे मेली, त्यांतली निम्मी याच भागातली. महापौर लिंडसे पाहणीला गेले, तेव्हा लोकांनी त्यांची हुर्यो उडवली. यंत्र आहे की नाही हे कागदावर कळते. ते चालते की नाही हे ऋतूच सांगतो.

स्वीडनमधल्या कार्लस्कुगा नावाच्या लहान गावाने याच प्रश्नाचा निराळा विचार केला. तेथे आधी मोटारींचे मोठे रस्ते साफ होत, पायवाटा शेवटी. मग लक्षात आले की, पायी चालणाऱ्यांत आणि बसने जाणाऱ्यांत बायकांचा भरणा अधिक, आणि बर्फावर घसरून हाडे मोडतात ती मुख्यतः पायी चालणाऱ्यांची. तेव्हा त्यांनी क्रम फिरवला: आधी पायवाटा आणि बालवाड्यांकडे जाणारे रस्ते, मग मोटारींचे. आपल्या जिल्ह्यातली विडी वळणारी बाई पानांचे ओझे घेऊन कोणत्या गल्लीतून जाते आणि त्या गल्लीत पावसाळ्यात किती पाणी साचते, हे आपल्या पालिकेच्या आराखड्यात कोठे लिहिले आहे काय?

आधी तयारी करण्याची रीत आपल्याला अपरिचित नाही. आपल्याच गावी भंडारा रोड स्थानक आहे. थंडीत रूळ आकसून तडकतात, म्हणून ट्रॅकमन रात्री गस्त घालतो. उन्हात रूळ वाकतात, म्हणून दुपारी. पावसाळ्यात पूल आणि भराव यांच्यावर नजर ठेवतो. रूळ मोडल्यावर निविदा काढू, असे रेल्वे म्हणत नाही. शेतकऱ्याचेही तसेच. बांधीचे धुरे मृगाआधी नीट केले नाहीत, तर रोवणीला पाणी थांबत नाही, हे पोरालाही कळते. तहान लागल्यावर विहीर खणण्याचा मक्ता मग नगरपालिकेनेच का घ्यावा?

म्हणून माझ्या मागण्या चार आहेत. पहिली, कोणती नाली, कोणती मोरी कोणत्या तारखेला साफ होणार, याचा एक पानी तक्ता मे महिन्यापूर्वी चावडीवर आणि पालिकेच्या दारात लागावा. दुसरी, त्यात दवाखाना, शाळा, स्थानक आणि पायी चालणाऱ्यांच्या गल्ल्या आधी याव्यात. तिसरी, नालीतून काढलेला गाळ काठावर न ठेवता त्याच दिवशी उचलावा. नाहीतर पहिल्याच सरीत तो पुन्हा नालीत जातो आणि बिल मात्र दोनदा निघते. चौथी मागणी माणसांची. गावाच्या नाल्या ओळखणारे कायम कामगार असावेत, त्यांना गमबूट, हातमोजे, आठ तासांची पाळी आणि वेळेवर पगार मिळावा.

ही चौथी मागणी स्वप्न नव्हे. मुंबई महापालिकेच्या २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्याचा निर्णय एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरला. त्यामागे त्या कामगारांचा अनेक वर्षांचा झगडा होता. मी एका नगरपालिकेत पाहिले आहे, तिचे नाव घेत नाही, की दर पावसाळ्यात ठेकेदार नवी पोरे आणी. कोणत्या गल्लीत मोरी कोठे गाडली गेली आहे, हे त्यांना ठाऊक नसे. भर पावसात ती अनवाणी नालीत उतरत आणि काचेने पाय कापून घेत. असे काम कामगाराच्याही हिताचे नाही आणि गावाच्याही नाही.

एवढे केल्याने पूर थांबेल, असे मी म्हणत नाही. २०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेचे पाणी भंडारा शहरात शिरले, तसले पाणी नालीत मावत नाही. पण दरवर्षीचे गुडघाभर पाणी आपल्या हातचे आहे. मृग नक्षत्र लागायला अजून अवकाश आहे. पुढच्या ग्रामसभेला आपण सारे जाऊ आणि एवढेच विचारू: तक्ता कोठे आहे?