टायमिंग का हललं?



गॅरेजमालक आणि मेकॅनिकांच्या मेळाव्यात अध्यक्षाने धंद्याच्या भवितव्यावर बोलावं असा रिवाज आहे. त्यावर बोलणारे उद्याच्या सत्रात पुष्कळ आहेत. मी आज फक्त एका तक्रारीवर बोलणार आहे: ‘गाडी ओढत नाही.’

सपाटीला गाडी बरी चालते, खंबाटकीचा चढ लागला की दम टाकते. गिऱ्हाइकाने एवढं सांगितलं की आपल्यातले बरेच जण डिस्ट्रिब्युटरचा बोल्ट सैल करतात, कानाने अंदाज घेत तो फिरवतात, इंजिनाचा आवाज कडक झाला की बोल्ट आवळतात. गाडी दारातून बाहेर पडताना छान वाटते. माझा आक्षेप इथेच आहे. टायमिंग बिघडलं होतं हे खरं असेलही, पण ते का बिघडलं, हे कुणी विचारलंच नाही.

ठिणगी पडल्यावर सिलिंडरमधलं मिश्रण जळायला साधारण दोन मिलिसेकंद लागतात. ३००० आरपीएमला तेवढ्या वेळात क्रँक ३६ अंश फिरते. सर्वांत जास्त दाब पिस्टन वरच्या टोकावरून पंधराएक अंश उतरल्यावर मिळावा, तरच तो क्रँकवर नीट लागतो. म्हणून ठिणगी आधी टाकावी लागते. ती उशिरा पडली तर आग उतरत्या पिस्टनच्या मागे धावते. कामी यायची उष्णता सायलेन्सरकडे जाते, मॅनिफोल्ड लाल होतो, पेट्रोल जास्त लागतं. फार लवकर पडली तर दाब वर येणाऱ्या पिस्टनलाच अडवतो. चढावर खटखट ऐकू येते, आणि दुर्लक्ष केलं तर पिस्टनला भोक पडतं. कानाने लावलेलं टायमिंग बहुधा याच बाजूला झुकतं, कारण रिकाम्या इंजिनाला लवकर पडलेली ठिणगी आवडते. भार आल्यावर काय होतं, ते गॅरेजच्या दारात ऐकू येत नाही.

फोर्डच्या मॉडेल टीला स्टिअरिंगखाली डाव्या हाताला ठिणगीचा दांडा होता. हँडल मारण्यापूर्वी तो मागे घ्यायचा, नाहीतर उलट्या झटक्याने मनगट मोडायचं. वेग वाढला की दांडा पुढे. म्हणजे ड्रायव्हरच अ‍ॅडव्हान्स द्यायचा! पुढे ते काम डिस्ट्रिब्युटरमधल्या वजनांकडे आणि व्हॅक्यूमच्या पडद्याकडे गेलं. आपण मात्र अजूनही एकच आकडा तपासतो, आयडलचा.

कुर्ल्यात बनलेली पद्मिनी आजही हौशी मंडळी सांभाळतात, म्हणून तिच्याच पद्धतीचं इंजिन डोळ्यांपुढे ठेवू. पॉइंटची फायबरची टाच कॅमवर घासून झिजते, गॅप कमी होतो, पॉइंट उशिरा उघडतात आणि टायमिंग आपोआप मागे सरकतं. अशा वेळी डिस्ट्रिब्युटर फिरवला तर लक्षण झाकलं जातं, टाच झिजतच राहते. म्हणून आधी फीलर गेजने गॅप, मग टायमिंग. आणि डिस्ट्रिब्युटर क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, त्यामुळे तिथला एक अंश क्रँकवर दोन होतो, हे हात लावण्यापूर्वी आठवावं.

गॅप बरोबर आहे, आयडलला खूण जागेवर आहे, तरी वेगात गाडी मेली? व्हॅक्यूमची नळी काढून तिचं तोंड बंद करा, टायमिंग लाइट धरा आणि ३००० पर्यंत रेस करा. खूण सरकली नाही तर वजनं गंजून अडकली आहेत. झटकन भलतीच पुढे गेली तर स्प्रिंग गेली आहे. आता नळी तोंडाने ओढा. प्लेट हलत नसेल तर पडदा फाटलाय. हा दोष फसवा आहे. पूर्ण थ्रॉटलला गाडी ठीक पळते, पण शहरात अर्ध्या थ्रॉटलला सुस्त असते आणि अ‍ॅव्हरेज पडतं.

कधी खूणच खोटं बोलते. ज्या इंजिनांच्या पुढच्या पुलीत रबर असतं, तिथे रबर सुटून बाहेरची रिंग सरकते. शंका आली की पहिल्या सिलिंडरच्या प्लगच्या भोकातून पिस्टनचं वरचं टोक शोधून खूण पडताळावी. जुन्या टू-स्ट्रोक स्कूटरमध्ये याचाच भाऊबंद भेटतो: फ्लायव्हीलचं नट सैल राहिलं की अर्धचंद्री चावी कातरते, मॅग्नेटो सरकतो, गाडी एक तर मरगळते नाहीतर किक उलटी मारते. तिथे नवा कार्ब्युरेटर बसवून उपयोग नाही. मी तसे बसवलेले पाहिले आहेत.

अर्थात हे सगळं नंतरचं. क्लच घसरतोय का, ब्रेक धरून राहिलाय का, सायलेन्सर तुंबलाय का, कॉम्प्रेशन किती आहे, हे आधी. आणि कार्ब्युरेटरच्या जुन्या गाडीत वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल गेलं की मिश्रण पातळ होतं, आग मंद जळते. ठिणगी जागेवर असूनही गाडी उशिराच्या टायमिंगसारखी वागते. तिथे जेट बघा.

नव्या गाड्यांत फिरवायला डिस्ट्रिब्युटरच नाही, म्हणून तरुण मुलांना वाटतं हा विषय संपला. दोष फक्त जागा बदलून बसलाय. नॉक सेन्सरचा बोल्ट नीट आवळलेला नाही किंवा जवळचं एखादं पत्र्याचं कव्हर खडखडतंय, एवढ्यानेही ईसीयू नॉकिंग समजून टायमिंग मागे घेऊ शकतो. दिवा लागत नाही, कोड येत नाही, गाडी मात्र दमते. स्कॅनरवर फक्त कोड वाचून पुसू नका. लाइव्ह डेटात भाराखाली अ‍ॅडव्हान्स किती मिळतोय ते बघा. पी ००१६ आला तर क्रँक आणि कॅम यांचा मेळ चुकलाय. चेन ताणली असेल, बेल्ट दात ओलांडून बसला असेल, किंवा सेन्सर अथवा वायरिंगचा दोष असेल. चेन-बेल्टचं निघालं, तर चुकलंय ते व्हॉल्व्हचं टायमिंग, आणि सॉफ्टवेअरने ते सुटणार नाही.

आपल्या जॉबकार्डावर ‘ट्यूनिंग केले’ एवढंच लिहिलेलं असतं. त्याऐवजी तीन आकडे लिहावेत असा ठराव मी उद्या दुपारी मांडणार आहे: आयडलचं टायमिंग, ३००० ला नळी काढून आणि ३००० ला नळी लावून, प्रत्येक आकडा कामाआधीचा आणि कामानंतरचा. स्कॅनरवाल्यांसाठी वेगळा रकाना असेल. ज्यांच्याकडे टायमिंग लाइट नाही, त्यांनी मागच्या टेबलावर नाव द्यावं. एकत्र घेतल्या तर स्वस्त पडतील.