स्नायूंची ताकद मोजताना

डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी हा आजार साधारण साडेतीन ते पाच हजार मुलग्यांमागे एकाला होतो. डिस्ट्रोफिन नावाचं प्रथिन तयार न झाल्यानं स्नायू झिजत जातात. पोटऱ्या मात्र भरदार दिसतात, त्यामुळे घरच्यांना मूल धडधाकट वाटतं. म्हणूनच नुसत्या नजरेच्या अंदाजावर न थांबता मोजमाप करावं लागतं.

हातानं विरोध देऊन प्रत्येक स्नायूला ० ते ५ गुण देतात. हात किंवा पाय गुरुत्वाकर्षणाविरुद्ध जेमतेम उचलता आला, तर ३. ही श्रेणी ढोबळ आहे. हातात धरायच्या डायनमोमीटरवर ताकद आकड्यात कळते.

खरी माहिती देते ती हालचाल. मुलाला जमिनीवर उताणं झोपवून उठायला सांगतात आणि स्टॉपवॉच सुरू करतात. मूल पालथं होतं, हात टेकतं, मग गुडघ्यांवर, मांड्यांवर हात देत देत उभं राहतं. त्याला किती सेकंद लागले, याची नोंद होते. नॉर्थ स्टार नावाच्या चाचणीत अशा १७ कृती असतात. कमाल गुण ३४. शिवाय सहा मिनिटांत मूल किती मीटर चालतं, हेही पाहतात. चालणं थांबल्यावर खांदे, कोपर आणि बोटांची क्षमता तपासतात.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात या आजाराचा समावेश आहे. नागपुरात तपासणीसाठी 'मेडिकल' (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय) किंवा मिहानमधलं एम्स गाठता येतं. उपचार म्हणून दिलेल्या स्टेरॉइडचा उपयोग होतो का, हे ठरवायला दर सहा महिन्यांच्या नोंदी लागतात. पालकांनी जुने कागद सोबत ठेवावेत.