डिस्पोजलचा कंदील



पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी लष्करी डिस्पोजलच्या मालात अधूनमधून एखादा हिरवा, जाड पत्र्याचा बॅटरीचा कंदील दिसतो. वर मूठ, समोर काच, पोटात सहा व्होल्टच्या चौकोनी बॅटरीची जागा. ती बॅटरी आता सहजी मिळत नाही, म्हणून धडधाकट कंदील भंगारात वजनावर जातो. हे मला फार लागतं. बिघाड त्याच्यात नसतो हो. त्याचं अन्न तेवढं बाजारातून गेलेलं असतं.

आधी साफसफाई. आत बहुधा जुनी बॅटरी फुटलेली सापडते. जॉर्ज लक्लांशे यांनी १८६६ साली बनवलेल्या सेलच्या वंशातले हे साधे सेल. त्यांत जस्ताचा डबा हाच ऋण ध्रुव असतो. वीज देता देता तो झिजतो, भोक पडतं आणि आतला आम्लधर्मी क्षार बाहेर येतो. त्यावर खाण्याचा सोडा पाण्यात कालवून फिरवावा. अल्कलाइन सेल फुटला असेल तर नेमकं उलट, तिथे व्हिनेगर किंवा लिंबाचा रस. हातमोजे आणि चष्मा हवाच. मग स्प्रिंगा आणि पितळी पट्ट्या बारीक पॉलिश पेपरनं घासाव्यात. झाकणाच्या रबराला व्हॅसलीन लावू नये, नैसर्गिक रबर त्यानं फुगतं. सिलिकॉन ग्रीस चालतं.

आता बॅटरी. घाई इथेच नडते. आधी बल्बच्या कड्यावरचा आकडा भिंगातून वाचा. अशा कंदिलात पुष्कळदा ४.७५ व्होल्ट, अर्धा अँपिअरचा बल्ब असतो. सहा व्होल्टच्या बॅटरीला पावणेपाचचा बल्ब का? कारण चार साध्या सेलची बेरीज सहा होते खरी, पण बल्ब लागला की सेलच्या आतल्या रोधामुळे व्होल्टेज उतरतं. करणाऱ्यानं तो उतार आधीच हिशोबात धरलाय. म्हणूनच सहा व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी जोडली तर उजेड झकास पडतो आणि बल्ब लवकर जातो.

मला पटलेला उपाय म्हणजे चार रिचार्जेबल पेन्सिल सेल, निकेल मेटल हायड्राइडचे. प्रत्येकी १.२ व्होल्ट, चारांचे ४.८. बल्बला अगदी मानवतात! दोन हजार मिलिअँपिअर-तासांचे सेल असतील तर अर्ध्या अँपिअरवर साधारण चार तास उजेड. बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळ सेल होल्डर मिळतो. तो लाकडी ठोकळ्यात बसवायचा, ठोकळा जुन्या बॅटरीच्या मापाचा, आणि वर दोन पितळी पट्ट्या. साध्या तारेच्या बल्बला धन-ऋण सारखंच, त्यामुळे ती काळजी नको. मात्र एका तारेत दोन अँपिअरचा फ्यूज घालाच. पत्र्याच्या पेटीत तार टेकली की सेल क्षणात तापतात. जुन्या लॅपटॉपमधले लिथियम सेल इथे वापरू नका; दोन जोडले की पूर्ण चार्जला ८.४ व्होल्ट होतात, बल्ब उडतो, आणि शॉर्ट झाले तर आग लागते.

कंदिलाला मात्र भोक पाडू नका, डाग देऊ नका. उद्या कुणाला मूळ बॅटरी मिळाली, तर ती थेट आत बसली पाहिजे.

आणि वापर झाला की ठोकळा बाहेर काढून ठेवा, पावसाळ्यात तर आठवणीनं.