शत्रूच्या घरचा पाहुणचार

(शिक्षक-पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



9 सप्टेंबर 1962 रोजी फ्रान्सचे अध्यक्ष शार्ल द गॉल यांनी जर्मनीतील लुडविग्सबुर्ग येथे जर्मन तरुणांसमोर भाषण केले, आणि तेही जर्मन भाषेत. 1916 साली व्हर्दुनच्या रणांगणावर जखमी होऊन जर्मनांच्या हाती सापडलेले आणि महायुद्ध संपेपर्यंत त्यांच्या कैदेत राहिलेले हे गृहस्थ. 1870, 1914 आणि 1939 अशी सत्तर वर्षांत तीन युद्धे या दोन राष्ट्रांत झाली. स्ट्रासबर्ग हे सीमेवरचे नगर 1871 साली जर्मनीत गेले, 1918 मध्ये फ्रान्सकडे आले, 1940 मध्ये पुन्हा जर्मनांनी घेतले आणि 1944 मध्ये पुन्हा मुक्त झाले. घर न बदलता माणसांचे राष्ट्र चार वेळा बदलले!

हे वैर शमवायचे कसे? द गॉल आणि जर्मनीचे चॅन्सेलर आडेनॉवर यांनी 22 जानेवारी 1963 रोजी मैत्रीचा करार केला आणि त्याच वर्षी दोन्ही देशांचे संयुक्त युवक कार्यालय उभे राहिले. त्याच्या उपक्रमांत आजवर 90 लाखांहून अधिक तरुणांनी भाग घेतला आहे. उपक्रमाची रीत साधी आहे. फ्रेंच शाळेचा एक वर्ग आठ-दहा दिवस जर्मनीत जातो. मुले वसतिगृहात किंवा हॉटेलात न उतरता प्रत्येक जण आपल्या जोडीदार विद्यार्थ्याच्या घरी राहतो. नंतर तो जोडीदार त्याच्याकडे येतो. नववी-दहावीच्या मुलांसाठी सहा-सहा महिन्यांच्या देवाणघेवाणीचीही योजना आहे. विचार करा, ज्या आजोबांनी युद्ध पाहिले, त्यांच्याच घरात, त्यांच्याच समोर शत्रुराष्ट्राचा पंधरा वर्षांचा मुलगा जेवायला बसला. त्या घरातील आजीने त्याला आग्रहाने वाढले असेल, तेव्हा करारातील कोणत्या कलमाने ते घडवले?

पुढे या मैत्रीला नागरिकत्वाचे रूप देण्याचा प्रयत्न झाला. 1992 च्या मास्ट्रिख्ट कराराने 'युरोपीय नागरिकत्व' ही संकल्पना आणली. 1995 पासून शाळांसाठी 'कोमेनियस' उपक्रम सुरू झाला; त्यात किमान तीन देशांतील शाळा एकत्र येऊन एखादा प्रकल्प करीत. 2014 साली तो 'इरॅस्मस प्लस' या व्यापक योजनेत विलीन झाला. ज्यांचे नाव त्याला दिले, ते कोमेनियस सतराव्या शतकातील मोरावियाचे थोर शिक्षणतज्ज्ञ. धर्मयुद्धामुळे त्यांना मायदेश सोडावा लागला आणि परक्या भूमीतच 1670 मध्ये त्यांचा अंत झाला. नावाची निवड निश्चितच विचारपूर्वक झालेली आहे. 'युरोस्कोला' उपक्रमात तर सोळा ते अठरा वर्षांची मुले त्याच स्ट्रासबर्गमध्ये, युरोपीय संसदेच्या सभागृहात एक दिवस सदस्यांच्या आसनांवर बसतात, चर्चा करतात, मतदान करतात.

हे सारे कौतुकास्पद आहे, आणि ते मान्य करण्यात आपल्याला कमीपणा वाटण्याचे कारण नाही. पण एक प्रश्न उरतोच. 2002 साली व्यवहारात आलेल्या युरोच्या नोटा पाहा. त्यांवर पूल आहेत, दारे-खिडक्या आहेत; परंतु त्यांपैकी एकही वास्तू चित्र काढले तेव्हा पृथ्वीवर अस्तित्वात नव्हती. कोणत्याही एका देशाची वास्तू घेतली तर दुसरा रुसेल, ही भीती! (पुढे नेदरलँड्समधील एका गावाने ते काल्पनिक पूल खरोखरच बांधून टाकले, ही गोष्ट वेगळी.) घटनेच्या प्रास्ताविकात ख्रिस्ती वारशाचा उल्लेख करावा की नाही, यावर प्रचंड वाद झाला आणि अखेर तो शब्द वगळला गेला. त्या घटनेला 2005 साली फ्रान्समधील सुमारे 55 टक्के आणि नेदरलँड्समधील 61 टक्क्यांहून अधिक मतदारांनी नकार दिला. जर्मन मुलांना घरी जेवू घालणाऱ्या फ्रान्सनेच नकार दिला, हे लक्षात घ्या. शेजाऱ्याशी त्यांचे वैर नव्हते. ज्या एकत्वात स्वतःचे पूर्वज, स्वतःची श्रद्धा दिसत नाही, ते त्यांना आपले वाटेना, असे माझे मत आहे.

आपली स्थिती नेमकी उलट आहे. काशीची गंगा रामेश्वराला नेणाऱ्या समाजाला एकत्व शोधून काढावे लागत नाही. पण म्हणून आपण निश्चिंत राहावे काय? 2015 साली घोषित झालेल्या 'एक भारत श्रेष्ठ भारत' योजनेत महाराष्ट्राची जोडी ओडिशाशी लावली आहे. आपल्या मुलांपैकी किती जणांना एक तरी ओडिया मित्र आहे? जर्मनीतील शहरांची नावे सांगणाऱ्या आपल्या मुलांना कोहिमा कोणत्या राज्यात आहे, हे विचारून पाहा. विद्यार्थी परिषदेने 1966 साली 'आंतरराज्य छात्र जीवन दर्शन' सुरू केले, तेव्हा ईशान्येकडील विद्यार्थ्यांना सभागृहांत नव्हे, घरांत ठेवले. ज्या घरांनी ते केले, त्यांना नागालँड वा मिझोराम नकाशावर शोधावे लागले नाही.

आपल्या मुलाच्या खोलीत आठ दिवस दुसरे अंथरूण घालण्याची ज्यांची तयारी असेल, त्यांनी सभा संपल्यावर मला अवश्य भेटावे. जेवणाचे काय, भाषेचे काय, असे प्रश्न मातृवर्ग विचारणारच. त्यांची उत्तरे देण्यासाठी मी येथेच थांबलो आहे.