घरपट्टी : आकारणी, हरकत आणि अपील

(दोडामार्ग येथील ज्ञातिमेळाव्यात दिलेले व्याख्यान)



आपल्या वार्षिक मेळाव्यात बहुधा शिष्यवृत्ती, विद्यार्थी वसतिगृह आणि वधूवरांची सूची या विषयांवर विचारविनिमय होतो. ते विषय महत्त्वाचेच आहेत. तथापि आज आम्ही घरपट्टीसारखा रूक्ष विषय घेऊन आपणापुढे उभे आहोत, आणि तो निवडण्यास कारण घडले आहे. आपल्या ज्ञातीतील निम्मी घरे वर्षातील बहुतेक महिने बंद असतात. कोणी मुंबईस, कोणी पुण्यास, कोणी सीमेपलीकडे डिचोली-म्हापशास नोकरीधंद्यासाठी असतो. चतुर्थीला किंवा शिमग्याला दार उघडावे, देवापुढे दिवा लावावा आणि चार दिवसांनी पुन्हा कुलूप घालावे, असा आपला क्रम आहे. अशा घराची आकारणी कशी होते, ती चुकली तर दाद कोठे मागावयाची आणि मुख्य म्हणजे केव्हा मागावयाची, हे आपल्यापैकी फारच थोड्यांस ठाऊक आहे. आम्हांसही ते ठाऊक नव्हते. ते आम्ही कसे शिकलो हे आधी सांगतो.

आमच्या वडिलोपार्जित घराची नोंद अद्याप आमच्या आजोबांच्या नावे होती. आजोबा निवर्तले त्यास चाळीस वर्षे होऊन गेली. त्यांच्यामागे आमचे वडील व काका वारले; आम्ही भावंडे चार गावी पांगलो. ‘घर तर आपलेच आहे, नावाचे काय एवढे’ असे म्हणून कोणीच वारसनोंद केली नाही. फेरआकारणी झाली, आजोबांच्या नावे नोटीस निघाली आणि ती बंद दारावर चिकटविण्यात आली. आम्ही चतुर्थीला गेलो तेव्हा पावसाने भिजलेला तो कागद हाती आला. त्यात पडून गेलेला गोठा उभा दाखविला होता, आणि नळ्यांच्या छपराची पडवी स्लॅबची म्हणून लिहिली होती. आम्ही रागावलो, चार ओळखीच्या माणसांस भेटलो, पुढाऱ्यांच्या कानी घातले. कचेरीतील लिपिकाने शांतपणे एकच प्रश्न विचारला : “आपली हरकत कोठे आहे?” हरकत नव्हतीच. मुदत उलटून तीन आठवडे झाले होते. आम्ही पैसे भरले. चूक मोजणाऱ्याची होती हे खरे. पण ती चूक पक्की होऊ दिली ती आम्हीच.

आपल्या कोकणात गाऱ्हाणे घालण्याची रीत जुनी आहे. देवळात गावकर उभा राहून देवास गाऱ्हाणे घालतो, मंडळी ‘होय महाराजा’ म्हणते, आणि मनावरचे ओझे उतरते. ते गाऱ्हाणे तोंडी चालते, कारण ऐकणारा सर्वज्ञ आहे. कचेरीतील गाऱ्हाणे मात्र लेखी लागते, मुदतीत लागते आणि योग्य दारी लागते. आजच्या भाषणाचे सार इतकेच आहे. पुढील सर्व त्याचा विस्तार.

आता कायद्याकडे वळू. दोडामार्गच्या माणसास प्रथम हे पाहावे लागते की आपले घर कोणत्या कायद्याखाली येते. सावंतवाडी तालुक्यातून वेगळा होऊन दोडामार्ग हा स्वतंत्र तालुका १९९९ साली झाला, आणि कसई-दोडामार्ग नगरपंचायत २०१५ साली अस्तित्वात आली. तेव्हापासून एकाच तालुक्यात दोन व्यवस्था नांदत आहेत. नगरपंचायतीच्या हद्दीतील घरास १९६५ सालचा नगरपरिषदा व नगरपंचायतींचा अधिनियम लागू आहे. साटेली-भेडशी, तळकट, कोलझर, झोळंबे, मणेरी, मांगेली आदी गावांतील घरांस १९५८ सालचा ग्रामपंचायत अधिनियम आणि त्याखालील १९६० सालचे कर व फी नियम लागू आहेत. दोघा सख्ख्या भावांची घरे हद्दीच्या दोन बाजूंस असली, तर एकाने दुसऱ्याच्या अनुभवावर विसंबणे धोक्याचे आहे. मोजण्याची रीत वेगळी, अपिलाचे दारही वेगळे.

प्रथम गावातील घर घ्या. पूर्वी ग्रामपंचायतीची घरपट्टी क्षेत्रफळावर बसत असे. ३१ डिसेंबर २०१५ च्या अधिसूचनेने नियम बदलले आणि भांडवली मूल्यावर आधारलेली पद्धत आली. तिचे गणित असे : जमिनीच्या क्षेत्रफळास जमिनीच्या दराने गुणावयाचे, इमारतीच्या क्षेत्रफळास बांधकामाच्या दराने व घसाऱ्याच्या दराने गुणावयाचे, दोहोंची बेरीज करून तीस वापराच्या भारांकाने गुणावयाचे. जे येते ते भांडवली मूल्य. त्यावर दर हजारी ठरलेल्या दराने कर बसतो. उदाहरणापुरते धरा की राहत्या घराचे मूल्य ५ लक्ष रुपये आले आणि दर हजारी १ रुपया आहे. तर कर ५०० रुपये. त्याच जागेत दुकान मांडले आणि भारांक सव्वा धरला, तर मूल्य सव्वासहा लक्ष होऊन कर ६२५ रुपये होईल. आकडे आम्ही समजुतीसाठी घेतले आहेत; खरा दर आपल्या पंचायतीच्या ठरावात पाहावा.

हे गणित एकदा उमगले म्हणजे चूक कोठे शोधावी हेही उमगते. ती चार ठिकाणी सापडते. पहिली क्षेत्रफळात : खळे, अंगण किंवा चतुर्थीपुरता घातलेला माटव हे बांधकाम नव्हे, पडून गेलेला गोठा तर नव्हेच. दुसरी बांधकामाच्या प्रकारात : मातीच्या भिंती, चिऱ्याचे बांधकाम आणि सिमेंट काँक्रीटचा स्लॅब यांचे दर एक नसतात, म्हणून चिऱ्याच्या कौलारू घरास स्लॅबचे घर म्हणून लिहिले की कर फुगतो. तिसरी वयात : घसारा घराच्या वयावर ठरतो, आणि आजोबांनी बांधलेले घर कागदावर दहा वर्षांचे झाले तर घसाऱ्याचा लाभ बुडतो. चौथी वापरात : सुपारी वाळत घातलेली पडवी म्हणजे व्यापारी गाळा नव्हे. या चारही गोष्टी कर आकारणी नोंदवहीत, म्हणजे आपण ज्यास ‘असेसमेंट उतारा’ म्हणतो त्या नमुना ८ मध्ये, पाहावयास मिळतात. मागणीची नोंदवही नमुना ९ ची आणि पावती नमुना १० ची असते. उतारा काढावा, अंगणात उभे राहून तो घराशी ताडून पाहावा. यास वकील लागत नाही. मोजपट्टी आणि एक दुपार पुरते.

ही आकारणी दर चार वर्षांनी फिरते. यादी प्रसिद्ध होते, हरकती मागविल्या जातात आणि त्यांचा निकाल झाल्यावर यादी कायम होते. त्यानंतरही ज्यास अन्याय झाला असे वाटते त्यास ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १२४ प्रमाणे पंचायत समितीकडे अपील करता येते, आणि तिच्या निर्णयावर जिल्हा परिषदेच्या स्थायी समितीकडे पुढील अपील होते. म्हणजे गावच्या माणसाची वाट गावातून दोडामार्गास आणि तेथून ओरोसला जाते. सरपंचाशी घातलेला वाद वा वर्तमानपत्रात छापून आणलेली तक्रार या वाटेवर कोठेच येत नाही.

आता नगरपंचायतीच्या हद्दीतील घर. १९६५ च्या अधिनियमाची जुनी व मुख्य पद्धत करयोग्य मूल्याची आहे. घर भाड्याने दिले असता वाजवीपणे वर्षाचे किती भाडे येईल हे ठरवावयाचे आणि दुरुस्तीखातर त्यातून शेकडा १० वजा करावयाचे. दरमहा १,००० रुपये भाडे धरले तर वर्षाचे १२,०००. त्यातून १,२०० वजा जाता करयोग्य मूल्य १०,८०० रुपये. शेकडा २० असा दर समजला, तर कर २,१६० रुपये. यात ध्यानात धरावयाचे ते हे की भाडे प्रत्यक्ष मिळते की नाही हा प्रश्नच नाही. मिळू शकेल किती, हा प्रश्न आहे. म्हणून ‘घर बंद आहे’ ही हरकत होत नाही. ‘शेजारच्या तशाच घराचे भाडे इतके कमी धरले आहे’ ही हरकत होते.

आकारणीची यादी तयार झाली की मुख्याधिकारी जाहीर सूचना देतात आणि हरकतींसाठी ३० दिवसांहून कमी नाही अशी मुदत ठेवतात. ज्या मालमत्तेवर प्रथमच आकारणी झाली अथवा जिची आकारणी वाढविली, तिच्या मालकास वा भोगवटादारास वेगळी नोटीस द्यावी लागते. लेखी हरकत घेणाऱ्यास प्राधिकृत मूल्यनिर्धारण अधिकाऱ्यापुढे आपले म्हणणे मांडण्याची संधी असते. यापुढे मालमत्ता कर अपील समिती आहे. पण तिचे दार तीन कुलुपांचे आहे. बिल मिळाल्यापासून १५ दिवसांत अपील केलेले असावे. यादीच्या वेळी मुदतीत लेखी हरकत घेतलेली असावी. आणि बिलाची रक्कम भरलेली असावी. मधले कुलूप पुन्हा ऐका. ज्याने पहिल्या मुदतीत हरकत घेतली नाही, त्याचे अपील ऐकलेच जात नाही, मग त्याची बाजू सोन्यासारखी स्वच्छ का असेना. तसेच रक्कम भरली म्हणजे आकारणी मान्य केली, हा समजही खोटा आहे. भरणे ही अपिलाची अट आहे, शरणागती नव्हे.

काही बंधू म्हणतील, ‘आम्ही भरणारच नाही, मग काय करतील?’ आमचा त्यांस सल्ला आहे की हा मार्ग धरू नये. बिलानंतर मागणीचा लेख येतो आणि त्यानंतर जप्ती. शिवाय मागणी झाल्यापासून तीन महिन्यांत कर न भरणारा मनुष्य ग्रामपंचायतीचा सदस्य होण्यास वा राहण्यास अपात्र ठरतो. गावच्या कारभारात आपला शब्द असावा असे ज्यास वाटते त्याने आधी आपली पावती दाखविली पाहिजे. गावातील दिवाबत्ती, नळपाणी आणि पायवाट या पैशांतूनच चालतात. चतुर्थीच्या रात्री वाडीत उजेड हवा असेल तर घरपट्टी द्यावी लागेल. वाजवी द्यावी, गैरवाजवी देऊ नये, इतकेच आमचे म्हणणे.

नावाच्या नोंदीविषयी दोन शब्द. घरपट्टीच्या नोंदवहीत नाव असणे म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे, असे न्यायालयांनी वारंवार म्हटले आहे. म्हणून एका भावाचे नाव लागले की दुसऱ्याचा हक्क बुडाला, अशा भीतीने घरोघरी जी अबोला धरण्याची प्रथा पडली आहे ती निराधार आहे. त्या भीतीपायी नोंद मृताच्या नावे राहते, नोटीस मृतास जाते, आणि मृतास हरकत घेता येत नाही. मृत्यूचा दाखला व वारसांची माहिती जोडून अर्ज करावा, सर्व वारसांची नावे लावून घ्यावीत, आणि पत्रव्यवहारासाठी जो वारस हाती लागेल त्याचा पत्ता व दूरध्वनी लेखी कळवावा. आपल्या जिल्ह्यात सैन्यात नोकरी केलेल्यांची संख्या मोठी आहे. माजी सैनिकांस व त्यांच्या विधवांस मालमत्ता करातून सूट देण्याचा निर्णय शासनाने २०२० साली घेतला. ती सूटही न मागता पदरी पडत नाही; अर्ज करावा लागतो.

शेवटी आमची एक विनंती आहे. प्रत्येक वाडीतून दोन शिकलेल्या तरुणांनी, मग ते मुलगे असोत वा मुली, हे काम अंगावर घ्यावे. बंद घरांची यादी करावी, प्रत्येक घराचा उतारा काढून घराशी ताडून पाहावा, आकारणीची यादी लागली की त्याच दिवशी परगावच्या मालकास कळवावे आणि हरकतीच्या अर्जाची पोच घेऊन ठेवावी. चतुर्थीला सगळे जमतात. तेव्हा आरतीनंतर अर्धा तास या कागदांसाठी काढावा. वडिलांनी चिरा चिरा रचून उभे केलेले घर आपण रंग देऊन, कौले फेरून राखतो. त्याचा कागदही तसाच राखावा. दारावर चिकटविलेला कागद पावसात भिजून जाण्यापूर्वी कोणीतरी तो वाचलेला असावा, एवढीच आमची अपेक्षा आहे.