नोटेवरची सम्राज्ञी



जपानच्या पुराणकथांत जिंगू नावाची एक सम्राज्ञी आहे. इसवी सन ७२० च्या ‘निहोन शोकी’ या ग्रंथात तिची कथा येते. नवरा, सम्राट चुआई, वारतो. ही गरोदर. कमरेला दगड बांधून ती बाळंतपण लांबवते, पुरुषवेशात समुद्रापार कोरियावर स्वारी करते. परतल्यावर मुलगा होतो आणि त्याच्या नावाने ती राज्य चालवते. अभ्यासक ही स्वारी दंतकथाच मानतात.

पण दंतकथेचा वापर कोण कशासाठी करतो, हे पाहायला हवे. १८८१ साली मेजी सरकारने एक येनच्या नोटेवर जिंगूचे चित्र छापले. जपानी नोटेवर आलेली ही पहिली स्त्री. त्याच सरकारने १८८९ साली कायदा केला, की गादीवर फक्त पुरुषच बसेल. पूर्वी आठ स्त्रियांनी सम्राटपद भूषवले होते, तरीही! १८९० साली स्त्रियांना राजकीय सभांना जायलाही बंदी झाली. १९१० साली कोरिया बळकावला, तेव्हा त्याच्या समर्थनाला पुन्हा जिंगूचीच कथा. आणि १९२६ साली सम्राटांच्या अधिकृत यादीतून तिचे नाव काढून टाकले. गादीचा तो नियम १९४७ च्या कायद्यातही तसाच राहिला.

म्हणजे साम्राज्याला तिची तलवार हवी होती, तिचा हक्क नको होता. म्हणून कोणी वीरांगनेची तसबीर पुढे केली, की आपण विचारायचे: हार घातलात, ठीक, पण अधिकार कुठे आहे?